मानकरी ‘पुरे’ म्हणाला

आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि मोठे शब्द मला येत नाहीत. पण गोष्ट लहानथोर सगळ्यांनी ऐकावी अशी आहे, म्हणून येतात त्या शब्दांत सांगतो.

फार फार पूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला बारमाही ओढा होता, काळी जमीन होती आणि एक मानकरी होता.

मानकरी तर गावोगावी असतात. त्यांना पहिला विडा मिळतो, पहिला नारळ मिळतो, आणि ते घेऊन ते आपापल्या घरी जातात. या गावाची रीत निराळी होती. इथं मानकऱ्यानं गावासाठी जेवायचं. बारसं असो, लग्न असो, नव्या घराची वास्तुशांत असो, पंगतीच्या डोक्याशी त्याचं पान मांडायचं. सगळ्यांनी आग्रह करायचा आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. मानकरी जितका जेवेल तितकं शेत पिकेल, अशी जुन्या लोकांची समजूत होती. “मानकऱ्याचं पोट, गावाचं कोठार,” असं आया पाळणा हलवताना म्हणत.

आणि मानकऱ्यानं चालायचं नाही. त्याचे पाय मातीला लागले तर गावाची बरकत पायाखाली तुडवली जाते म्हणे. म्हणून त्याच्यासाठी डोली होती आणि डोलीला भोई होते.

आपल्या गोष्टीतला मानकरी तरुण होता. लहानपणी तो चिंचेच्या शेंड्यावर बसून कच्च्या चिंचा खायचा आणि आईनं हाक मारली की डोहात उडी टाकायचा. मग वडील गेले आणि मान त्याच्याकडे आला. वडील केस पिकायच्या आधीच गेले होते. आजोबाही तसेच गेले होते. “गावासाठी जेवता जेवता गेला, केवढं भाग्य!” असं म्हणून गावानं दोघांच्याही नावानं आणखी एक मोठी पंगत घातली होती.

थोड्याच वर्षांत पोराचा डोंगर झाला. डोलीचा बांबू जाऊन सागाची दांडी आली. पोटऱ्यांना सूज आली. बोलता बोलता त्याला धाप लागू लागली. लोक म्हणायचे, “तेज आलंय हो मानकऱ्याला!”

एकदा तो शेजारच्या वस्तीवरून लग्न जेवून परत येत होता. भोई घामाघूम झाले होते.

“धनी, जरा मधोमध बसा,” पुढचा भोई म्हणाला.

“मधोमधच बसलोय रे.”

“मग मधलाच भाग वाढलाय,” मागचा भोई पुटपुटला.

सगळे हसले. मानकरीही हसला, आणि त्याच हसण्याच्या हेलकाव्यानं सागाची दांडी कडाड्दिशी मोडली. डोली खाली आली. मानकरी धुळीत बसला.

भोई घाबरले. दुसरी दांडी आणायला दोघं धावत सुटले. मानकऱ्यानं समोर पाहिलं. गावाची वेस तिथून दिसत होती. वेशीवरचा मारुतीसुद्धा दिसत होता.

“एवढंसं तर आहे. चालतो मी,” तो म्हणाला आणि उठला.

कितीतरी वर्षांनी त्याच्या तळव्यांना माती लागली. ती उन्हानं कोमट झाली होती. त्याला बरं वाटलं. चार पावलं गेला, आणखी चार गेला, आणि मग छातीत कुणीतरी मुसळानं कांडायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तो वाटेवरच्या धोंड्यावर मटकन बसला. वेस अजून तेवढीच लांब होती.

मागच्या भोयानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हा भोई म्हातारा होता, वडिलांच्याही डोलीला त्यानं खांदा दिला होता. तो म्हणाला, “बसा धनी, घाई करू नका. थोरल्या धन्यांनाही असंच व्हायचं. शेवटच्या वर्षी.”

मानकऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा सहज बोलून गेला होता. पण ते शब्द मानकऱ्याच्या काळजात जाऊन बसले.

घरी आला तेव्हा त्याची बायको अंगणात शिवायला बसली होती. तिच्या मांडीवर मानाचा अंगरखा होता. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं.

“अहो, पायाला माती?”

“चालत आलो. डोली मोडली. बसत उठत, कसाबसा.”

अंगरखा उलटा करून तिनं त्याच्यापुढे धरला. “हा मामंजींचा. लग्न होऊन आले त्या वर्षी तुमच्यासाठी दोन्हीकडून आत घेतला होता. मग दर वर्षी थोडा थोडा सोडत गेले. आता सोडायला कापड उरलं नाही.”

“मग दुसरं कापड जोड.”

“कापड जोडेन हो,” ती म्हणाली. “माणूस कुठून जोडू?”

तो हळूच म्हणाला, “पण गाव ऐकेल का? गावासाठी जेवावं लागतं.”

“गावाचं पोट दुखतं तेव्हा ओवा तुम्ही खाता का?”

“नाही.”

“मग गावाच्या भुकेला तुम्ही का जेवता?”

बायका कधी कधी असं विचारतात, की माणसानं जागेवरून उठावंच.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून ओढ्यापर्यंत चालायला लागला. आधी घराच्या मागच्या गल्लीतून, कुणी बघू नये म्हणून. वाटेत दोनदा बसायचा, कधी तीनदा. ओढ्यावर तोंड धुवायचा आणि येताना एक घागर स्वतः भरून आणायचा. पहिल्या दिवशी अर्धी घागर वाटेतच सांडली. बायकोनं उरलेली अर्धी माठात ओतली आणि म्हणाली, “उद्या पाऊण आणा.”

घरी जेवायची तऱ्हाही त्यानं बदलली. भूक लागली की जेवायचं, कुणी हाक मारली म्हणून नाही. ताटात भाकरी, परसातली पालेभाजी, डाळ, मुळ्याची कोशिंबीर, वर ताक. घास नीट चावायचा. पोटात थोडी जागा असतानाच हात धुवायचे. दिवेलागणीला जेवण उरकायचं आणि मग अंगणात चार फेऱ्या मारायच्या. गोडधोड सणावारी, तेही चवीपुरतं. यात काही जादू नव्हती. मध्येच एका बारशाला पंगतीत बसला आणि जिलब्यांपुढे त्याचं काही चाललं नाही. घरी येऊन तोंड पाडून बसला. बायको म्हणाली, “जिलबी खाल्लीत, पाय तर नाही ना खाल्लेत? सकाळी चाला.” तो सकाळी चालला.

हळूहळू तो वाटेत एकदाच बसू लागला. मग बसेनासा झाला. मग ओढा ओलांडून पलीकडच्या टेकडीवर जाऊ लागला. रात्री गाढ झोप लागे. पोटऱ्यांची सूज उतरली.

पण गावात लपून काय राहतं? ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी त्याला घागर उचलताना पाहिलं. “अगं बाई! मानकरी पाणी भरतोय! आता पाटील भांडी घासणार वाटतं!” असं म्हणून त्या खो-खो हसल्या. पारावरची मंडळी त्याच्या उतरत्या पोटाकडे बोट दाखवून ओरडायची, “अरे बघा रे, कोठाराला भोक पडलं! कोठार गळतंय!” मानकऱ्याचे कान लाल व्हायचे. तो मुळात लाजाळू. उलट बोलणं त्याला जमत नसे. तो मान खाली घालायचा, पण चालायचं थांबायचा नाही.

त्या साली वरच्या शिवारात ज्वारीवर चिकटा नावाचा रोग पडला. तो दर वर्षी कुठं ना कुठं पडायचाच. यंदा मात्र लोकांना त्याचं कारण सापडलं.

गावाचा कारभारी म्हणजे मानकऱ्याचा सख्खा मामा. माणूस प्रेमळ, पण रीतीला पक्का. तो एके दिवशी घरी आला आणि ओसरीवर बसला.

“भाच्या, काय चालवलंयस हे?”

“चालतोय फक्त, मामा.”

“तेच तर! लोक माझ्या तोंडावर बोलतात. चिकटा पडलाय. वरच्या शिवारातले म्हणतात, मानकरी उपाशी राहिला म्हणून पडला.”

“उपाशी कुठं? पोटभर जेवतो. फक्त माझ्याच पोटाइतकं जेवतो.”

“शहाणपण शिकवू नकोस. नवान्नाची पंगत तोंडावर आलीय. घरात काय करायचं ते कर. त्या दिवशी मात्र रीतीप्रमाणे जेवायचं. रीत मोडलीस तर मान जाईल, मानाची जमीन जाईल आणि हे घरही जाईल. मी मामा आहे म्हणून आधी सांगतोय. त्या दिवशी मी कारभारी असेन.”

मामा गेला. दारामागे आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या दुपारी आईनं मुद्दाम पुरणपोळी केली. तुपात भिजवून त्याच्या ताटात वाढली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली.

“माझ्या हाताला चव राहिली नाही का रे?”

“चव आहे, आई. म्हणून तर भीती वाटते.”

“तुझ्या वडिलांनी माझ्या हातचं पान कधी टाकलं नाही.”

‘म्हणूनच’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला. त्यानं तो गिळला. पण आईच ती. तिनं तो न बोललेला शब्द ऐकला. ताट उचलून ती आत गेली, आणि पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मानकऱ्याला गावाच्या टोमण्यांपेक्षा हे जड गेलं. एकदा त्याला वाटलं, खावं आईसाठी, होऊ दे काय व्हायचं ते. तरीही सकाळ झाली की त्याचे पाय ओढ्याकडे वळत.

नवान्नाचा दिवस उजाडला. देवळापुढे मांडव घातला. सारा गाव पंगतीला बसला. डोक्याशी मानाचं पान, भोवती रांगोळी. मानकरी चालत आला, तेव्हाच निम्मी पंगत कुजबुजली. सगळ्यांना पुढचं बघायचं होतं.

या पंगतीची एक रीत होती. मानकरी उठल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. तो जेवतोय तोवर सगळ्यांनी जेवायचं आणि वाढपी येईल तेव्हा घ्यायचं.

नव्या तांदळाचा भात आला, वरण आलं, भाज्या आल्या, कोशिंबीर आली, पुरणपोळी आली. मानकरी मनापासून जेवला. नव्या भाताचा वास त्याला फार आवडला. एक पोळी त्यानं चवीचवीनं खाल्ली. मग पोट म्हणालं, झालं. त्यानं ऐकलं.

तेवढ्यात मामा तुपाचं भांडं घेऊन आला. त्याच्या मागे पोळ्यांची परात, त्यामागे जिलब्यांची. खरं जेवण आता सुरू व्हायचं होतं.

“मामा, पुरे,” मानकरी म्हणाला.

आवाज बारीक होता, पण मांडवभर ऐकू गेला.

“पुरे?” मामा हसला. “हा शब्द पाहुण्यांचा, भाच्या. मानकऱ्याचा नव्हे. घे. माझ्या गळ्याची शपथ.”

“शपथ मागे घ्या, मामा. तुमचा गळा मला हवाय. माझाही हवाय.”

असं म्हणून त्यानं आपला उजवा हात पानावर आडवा ठेवला.

“हात काढ.”

“नाही.”

“हात काढ म्हणतो!”

“नाही काढणार.”

मामानं भांडं कलतं केलं. त्याला वाटलं, चटका बसला की हात निघेल. पंगतीत पाहुण्यांचं दर वेळी तसंच व्हायचं. तूप कढत नव्हतं, पण चांगलं गरम होतं. ते मानकऱ्याच्या हातावर पडलं, बोटांमधून ओघळलं, पानाच्या कडेनं रांगोळीत गेलं. हात लाल झाला. पण हलला नाही.

मामानंच भांडं सरळ केलं. तुपाची धार तुटली.

“पीक जाईल!” कुणीतरी ओरडलं. “चिकटा सगळ्या शिवारात पसरेल!”

मानकरी लाजाळू होता हे मी सांगितलंच. पण तो बोलला. “पीक माझ्या पोटात येत नाही, दादा. शेतात येतं. माझे आजोबा जेवले, माझे वडील जेवले. चिकटा त्यांच्या वेळीही पडलाच की नाही? पडला. पीक आलं ते तुम्ही राबलात म्हणून. आणि ते दोघं मात्र गेले.”

“बस्स!” मामा गरजला. “रीत मोडायची असेल तर मान सोड! डोली सोड, जमीन सोड, घर सोड!”

“सोडलं,” मानकरी म्हणाला. “मान माझ्याकडून काढून घ्या, मामा. जीव देणार नाही.”

तेव्हा चुलीपाशी बसलेली त्याची आई उठली. ती पंगतीच्या मधून सरळ चालत आली. लोकांना वाटलं, आता ही पोराची समजूत घालणार. ती त्याच्याशेजारी बसली. पदरानं त्याच्या हातावरचं तूप टिपलं, एकेक बोट पुसलं. मग तिनं भावाकडे पाहिलं.

“दादा, भांडं खाली ठेव.”

“अगं, तू यात पडू नकोस.”

“मी यात आहेच. ह्याच्या वडिलांच्या पानावर मीच वाढत होते. तेही असाच हात आडवा घालायचे. मी तो बाजूला सारायची. हसत, मायेनं, शपथा घालून सारायची. शेवटच्या दिवशीही सारला.” तिनं लेकाचा हात आपल्या मांडीवर घेतला. “आज माझ्या लेकाच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. तू नाही, गावानं नाही, मीसुद्धा नाही.”

मग ती लेकाला म्हणाली, “ऊठ बाळा. तुझं जेवण झालं.”

मानकरी उठला.

मग पंगतीच्या पार टोकाला एका म्हाताऱ्या सुतारानं मोठा सुस्कारा टाकला. “मानकरी उठला की रे! म्हणजे आपणही उठायचं ना? सुटलो बाबा! माझं तर वरणभातालाच झालं होतं. दर साली नवान्न झालं की दोन दिवस नुसत्या ओव्यावर काढतो मी.”

“तुम्हीपण?” त्याच्या शेजारचा म्हणाला. “मला वाटलं, मलाच सोसत नाही.”

“माझ्या सासूबाई तर पंगतीच्या आदल्या दिवशी जेवतच नाहीत,” एक बाई म्हणाली.

“मी जिलब्या शेल्यात बांधून नेतो,” आणखी कुणी कबूल केलं, आणि मग जे हसू फुटलं ते मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. इतकी वर्षं सगळा गाव एकमेकांसाठी जेवत होता आणि एकाचंही पोट त्याला होकार देत नव्हतं. लोक पटापट उठले आणि हात धुवायला गेले. परातीतल्या पोळ्या आणि जिलब्या तशाच राहिल्या. त्या वाटेवरच्या धर्मशाळेत पाठवल्या, तिथं खरीखुरी भुकेली माणसं होती.

सगळेच काही हसले नाहीत. काही जण पाय आपटत घरी गेले. मामा कारभारी होता, त्यानं शब्द पाळला. संध्याकाळच्या आत डोली, जमीन आणि घर काढून घेतलं. मानकरी, त्याची बायको आणि आई ओढ्याकाठच्या एका साध्या झोपडीत राहायला गेली.

पण पुढच्या पंगतीला मानाचं पान मांडलं तेव्हा त्यावर बसायला कुणी मिळेना. मामानं स्वतःच्या मुलाला सांगितलं, तो पोटात कळ आली म्हणून पळाला. शेवटी मामा स्वतः बसला. वाढपी तूप घेऊन आला, तसं मामानं आजूबाजूला पाहिलं, घसा खाकरला आणि हळूच हात आडवा ठेवला. त्या दिवसापासून मानाचं पान मांडणं बंद झालं. ज्याचं त्याचं जेवण झालं की जो तो उठू लागला. पीक तेव्हाही पावसावर आणि घामावर यायचं, पुढंही तसंच येत राहिलं. मानकऱ्याचे केस मात्र छान पांढरे झाले. त्याच्या घराण्यात तसे केस आधी कुणी पाहिले नव्हते.

तात्पर्य आत्ताच सांगून टाकतो: पोट आपलं, पाय आपले, म्हणून ‘पुरे’ म्हणायचा आणि ‘चालतो’ म्हणायचा हक्कही आपलाच.

आता त्या पंगतीनंतरची सकाळ तेवढी राहिली. मानकरी, म्हणजे जो आता मानकरी नव्हता तो, पहाटे उठला. हाताला आईनं कोरफडीचा गर लावून फडकं बांधलं होतं. त्यानं भाकरी, कांदा आणि चटणी फडक्यात बांधून घेतली. झोपडीच्या मागून एक कुदळ उचलली आणि खांद्यावर टाकली. गावातून जाताना त्यानं मागची गल्ली धरली नाही. तो पारावरून, भर चौकातून, मान वर करून गेला.

चौकात भोई बसले होते. डोली गेली, तसं त्यांचंही काम गेलं होतं. म्हातारा भोई सवयीनं उभा राहिला.

“धनी, कुठं सोडायचं?”

“सोडायचं नाही कुठं,” तो म्हणाला. “वरच्या शिवारात चिकट्यानं पीक बसलंय, त्यांना माणसं हवीत. चला, येता का सोबत?”

भोयांनी एकमेकांकडे पाहिलं, खांद्यावरची रिकामी फडकी कमरेला बांधली, आणि सगळे मिळून चढाला लागले.